आपल्या पश्चात गावयाचे गीत : निवड कोणाची, उच्चार कोणाचा?

१. प्रश्नाचे स्वरूप

आपल्या मृत्यूनंतरची व्यवस्था हयातीतच लावून ठेवण्याची चाल जुनी आहे. मृत्युपत्रात स्थावरजंगमाची वाटणी असते. नेत्रदानाची वा देहदानाची इच्छा असते. क्वचित ‘कोणतेही विधी करू नयेत’ असाही निर्देश असतो. याच निर्देशांच्या मालिकेत आणखी एक निर्देश येतो, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे : ‘माझ्या अंत्यविधीच्या वेळी अमुक गीत म्हणावे.’

समाजशास्त्र किंवा संगीतशास्त्र या विषयाकडे आपापल्या दृष्टीने पाहील. भाषाशास्त्राने त्यात का पडावे, असा प्रश्न येथे संभवतो. त्याचे उत्तर असे की, गीत हे उच्चारलेले वाक्य असते, आणि उच्चारलेल्या प्रत्येक वाक्याला वक्ता लागतो. अंत्यविधीसाठी स्वतः निवडलेल्या गीताचे वैशिष्ट्य हे की, ज्याच्या इच्छेने ते उच्चारले जाते तो उच्चाराच्या क्षणी बोलण्यास उरलेला नसतो. आणि जे ते उच्चारतात त्यांनी ते निवडलेले नसते. मग त्या गीतातील ‘मी’ कोण? ‘तुम्ही’ कोण? या सर्वनामांचा उलगडा झाल्यावाचून अशी निवड कधी साधते आणि कधी फसते हे सांगता येणार नाही. ही चर्चा केवळ शास्त्रीय कुतूहलाची नव्हे. ज्यांना ते गीत ऐकावयाचे व म्हणावयाचे असते ते त्या वेळी शोकाने विद्ध झालेले असतात, आणि चुकीच्या पुरुषातले एक सर्वनामही त्यांना जड जाऊ शकते.

२. वक्त्याच्या भूमिका

‘मी’, ‘तू’, ‘येथे’, ‘आता’ या शब्दांना कोशातील अर्थ पुरा पडत नाही. कोण, कोठे आणि केव्हा बोलत आहे हे कळल्यावरच त्यांचा निर्देश ठरतो. कार्ल ब्यूलर याने १९३४ च्या आपल्या भाषासिद्धान्तविषयक ग्रंथात ‘मी–येथे–आता’ या त्रयीला निर्देशाचा आरंभबिंदू मानले. रोमान याकोब्सन याने १९५७ च्या निबंधात अशा शब्दांचा विचार, वक्त्यागणिक सरकणाऱ्या चिन्हांचा एक वर्ग म्हणून केला. नित्याच्या संभाषणात हा आरंभबिंदू शोधावा लागत नाही; तो समोर बसलेला असतो. अंत्यविधीच्या गीतात मात्र तो शोधावा लागतो.

या शोधाला अर्व्हिंग गॉफमन याने केलेला भेद उपयोगी पडतो. ‘फॉर्म्स ऑफ टॉक’ (१९८१) या ग्रंथात त्याने ‘वक्ता’ ही एकच कल्पना फोडून तिचे तीन घटक दाखविले : प्रत्यक्ष ध्वनी काढणारा, शब्दांची जुळणी करणारा, आणि ज्याची भूमिका त्या शब्दांनी मांडली जाते तो. या तिघांना आपण अनुक्रमे उच्चारक, रचनाकार आणि धनी म्हणू. ‘बोलविता धनी’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ असल्यामुळे तिसऱ्या घटकासाठी वेगळी परिभाषा घडविण्याचे कारण नाही. सामान्य बोलण्यात तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असतात. मंत्र्याचे लेखी भाषण सचिवाने वाचून दाखविले तर त्या विभागल्या जातात. स्वतः निवडलेल्या अंत्यगीतात विभागणी याहून पुढे जाते : रचनाकार कोणी कवी, बहुधा केव्हाच दिवंगत झालेला; उच्चारक आप्त, भजनी मंडळी किंवा ध्वनिमुद्रित आवाज; आणि धनी तो मृत मनुष्य. निवड करून त्याने दुसऱ्याचे शब्द आपले करून घेतले आणि तिसऱ्याच्या तोंडी दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

३. परंपरेतील मृत : मध्यमपुरुष आणि तृतीयपुरुष

परंपरागत विधीतील शब्द मृताने निवडलेले नसतात. ते समाजाने आधीच निवडून ठेवलेले असतात. त्यांत मृताला कोणता पुरुष दिला जातो हे पाहणे उद्बोधक आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौदाव्या सूक्ताच्या सातव्या आणि आठव्या ऋचांत मृताला थेट संबोधून, पितर ज्या वाटांनी गेले त्या वाटांनी जाण्यास सांगितले आहे. येथे मृत मध्यमपुरुषात आहे. सोळाव्या सूक्ताच्या पहिल्या ऋचेत संबोधन अग्नीला आहे आणि मृत ‘हा’ म्हणून तृतीयपुरुषात आहे. अठराव्या सूक्ताच्या अकराव्या ऋचेत पृथ्वीला विनविले आहे, आणि मृत पुन्हा तृतीयपुरुषातच आहे. म्हणजे या ऋचांत कधी मृताशी बोलले जाते, कधी मृताविषयी बोलले जाते. मृत स्वतः बोलत नाही. बोलतात ते जिवंत.

रोमन कॅथलिक पंथातील मृतांसाठीच्या लॅटिन उपासनेची मांडणी थोडी निराळी आहे. आरंभीची शांतियाचना ‘त्यांना’ या तृतीयपुरुषी अनेकवचनात आहे; अंतिम न्यायाच्या दिवसाचे वर्णन करणाऱ्या पुढील पद्यात मात्र प्रथमपुरुषी एकवचन येते, आणि गाणारा स्वतःसाठीच दयेची याचना करू लागतो. येथील ‘मी’ हा मृताचा की गाणाऱ्याचा, हा प्रश्न व्याकरणाने सुटत नाही, आणि तो सुटू नये अशीच त्या पद्याची योजना आहे. ज्याला एके दिवशी मरावयाचे आहे असा प्रत्येक जण त्या ‘मी’मध्ये मावतो.

या उपासनेची संगीतरचना स्वतःसाठी मागून घेतल्याचे प्रसिद्ध उदाहरण फ्रेडेरिक शोपँ या संगीतकाराचे होय. त्याचा मृत्यू १७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिस येथे झाला. आपल्या अंत्यविधीत मोझार्टचे ‘रेक्विएम’ व्हावे अशी त्याची इच्छा असल्याचे त्याचे चरित्रकार सांगतात. ही रचना मोझार्टच्या १७९१ मधील मृत्यूमुळे अपुरी राहिली होती आणि झ्यूसमायर या त्याच्या शिष्याने ती पुरी केली होती. तिच्यात स्त्रियांचे स्वर आवश्यक; परंतु पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये स्त्रियांनी गाण्यास मज्जाव होता. विशेष परवानगी मिळाल्यावर ३० ऑक्टोबर रोजी विधी झाला, आणि गायिका काळ्या पडद्याआड उभ्या राहून गायिल्या. शोपँने निवड केली होती ती व्यक्तिगत आवडीची. पण निवडलेले शब्द सार्वजनिक उपासनेचे होते. धनी व्हावयाचा हक्क त्याने मागितला नाही. समाजाच्या आधीच चालत आलेल्या उच्चारात त्याने आपल्यापुरती स्वररचना तेवढी सुचविली. म्हणून त्या निवडीत सर्वनामांचा पेच उद्भवला नाही.

४. मृताचा प्रथमपुरुष

हा पेच जेथे स्पष्ट दिसतो ते उदाहरण आधुनिक आहे. ब्रिटनमधील को-ऑपरेटिव्ह फ्युनरलकेअर ही अंत्यविधीची व्यवस्था करणारी संस्था तेथील अंत्यविधींत वाजविल्या जाणाऱ्या संगीताच्या याद्या प्रसिद्ध करते. २०१९ च्या यादीत अग्रस्थान ‘माय वे’ या गीताचे होते. फ्रँक सिनात्राने ते १९६९ मध्ये लोकप्रिय केले. त्याची चाल मूळ फ्रेंच गीताची, १९६७ मधील. त्या फ्रेंच गीतात मृत्यू नाही, विटून गेलेल्या दांपत्याचा रोजचा दिनक्रम आहे. पॉल अँका याने त्या चालीवर इंग्रजीत नवे शब्द बसविले, आणि त्यांत आयुष्याच्या अखेरीस मागे वळून पाहणारा एक ‘मी’ उभा केला. चाल तीच राहिली. अंत्यविधीला ती योग्य ठरली ती शब्दांमुळे, विशेषतः त्या सर्वनामामुळे. ज्यांना वाटते की अशा प्रसंगी शब्द गौण आणि स्वर प्रधान, त्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

हे गीत अंत्यविधीत वाजते तेव्हा त्यातील ‘मी’ रचनाकाराचा नसतो, गायकाचाही नसतो. श्रोते तो मृताचाच समजतात. परंतु मृताने स्वतःविषयी काढलेले ते उद्गार ऐकणाऱ्यांना उत्तर देता येत नाही. ज्या मुलाशी बापाने वीस वर्षे अबोला धरला, त्याला त्याच बापाच्या वतीने ‘मी माझ्या रीतीने जगलो’ अशा आशयाचे गीत ऐकावे लागले, अशी कल्पना करावी. शब्द तेच, पण धनी बदलल्याबरोबर ते समर्थन होते, आणि प्रतिवादाची सोय नसलेले समर्थन होते. व्यक्तिगत प्रथमपुरुषातील गीताचा धोका हा आहे : ते जिवंतांना निव्वळ श्रोते करून सोडते.

मग प्रथमपुरुष सर्वथा वर्ज्य मानावा काय? मराठीतील सर्वांत परिचित उदाहरण तसे म्हणू देत नाही. तुकाराममहाराजांच्या वैकुंठगमनाच्या वेळचे म्हणून परंपरेने मानलेले निरोपाचे अभंग आहेत. वारकऱ्याच्या अंत्ययात्रेत टाळमृदंगाच्या साथीने भजन चालते आणि त्यात निरोपाचा अभंग म्हटला जातो. आपल्या पश्चात तोच म्हणावा असे सांगून ठेवणारी माणसेही मराठी घरांत असतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध अभंगात दोन शब्द भाषाशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहेत : ‘आम्ही’ हे सर्वनाम आणि ‘जातो’ हे क्रियापद.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ यात श्रोता वगळलेला असतो. ‘आपण’ यात तो समाविष्ट असतो. हिंदीच्या वा बंगालीच्या सर्वनामांत हा भेद असा उभा राहत नाही. गुजरातीत तो आहे, आणि द्राविड भाषांत तो प्राचीन असल्यामुळे मराठी-गुजरातीतील या भेदाचा संबंध अभ्यासक द्राविड संपर्काशी जोडतात. निरोपाच्या गीतात ‘आम्ही’ हेच सर्वनाम येऊ शकते. ‘आपण’ घातले असते तर निरोप देणाऱ्यांनाही प्रवासात ओढल्यासारखे झाले असते. ‘आम्ही’ या एका शब्दाने जाणारे आणि राहणारे यांच्यामधील रेषा आखली जाते. अनेकवचनामुळे जाणारा एकटाही राहत नाही आणि मिरवतही नाही.

क्रियापदाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. घरातून निघताना ‘येतो’ म्हणावयाचे, ‘जातो’ म्हणावयाचे नाही, हा घरोघरीचा दंडक आहे. ‘जातो’ म्हणणाऱ्या मुलाला आजी उंबरठ्यावरून परत बोलावते आणि ‘येतो म्हण’ असे सांगते. जो परत यावयाचा नाही तोच हे वर्ज्य क्रियापद वापरू शकतो. एरवी अशुभ ठरणारे रूप येथे केवळ खरे ठरते, आणि त्यामुळे ते ऐकणाऱ्याला जे कळते ते दुसऱ्या कोणत्याही शब्दाने इतके स्वच्छ कळले नसते.

आता मुख्य प्रश्न. या अभंगातील ‘आम्ही’ प्रथमपुरुषी असूनही तो जिवंतांना मुके का करीत नाही? कारण त्याचे उच्चारक तेच आहेत. टाळकरी तो शब्द मृताच्या वतीने उच्चारतात, म्हणजे क्षणभर स्वतःच निघालेल्या माणसाच्या जागी उभे राहतात. त्यांनी तो याआधी इतरांसाठी म्हटलेला असतो; पुढे त्यांच्यासाठी दुसरे म्हणणार असतात. सर्वनाम तेच राहते, त्यात उभा राहणारा माणूस बदलत जातो. ‘माय वे’तील ‘मी’ यंत्रातून येतो आणि एकाच मृताचा होऊन बसतो. अभंगातील ‘आम्ही’ हातोहात फिरतो. भेद पुरुषाचा नसून उच्चाराच्या मालकीचा आहे.

५. प्रथमपुरुष टाळलेले गीत

रचनाकार, निवडकर्ता आणि धनी या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असल्याचे उदाहरण रवीन्द्रनाथ ठाकुरांचे आहे. १९३९ मध्ये ‘डाकघर’ या आपल्या नाटकाच्या योजलेल्या प्रयोगासाठी त्यांनी ‘समुखे शान्तिपारावार’ हे गीत लिहिले. नाटकातील अमल हा रुग्ण मुलगा अखेरीस डोळे मिटतो. गीत त्या प्रसंगासाठी होते. परंतु पुढे, हे गीत आपल्या मृत्यूनंतरच गावे, तोवर नको, असे रवीन्द्रनाथांनी सांगून ठेवले. ७ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर ते शांतिनिकेतनात गायिले गेले.

या गीताची पुरुषव्यवस्था पाहण्यासारखी आहे. नाव हाकणाऱ्या कर्णधाराला उद्देशून ते आहे; क्रियापदे आज्ञार्थी आहेत, भविष्यकाळी आहेत किंवा इच्छा व्यक्त करणारी तृतीयपुरुषी आहेत; मध्यमपुरुषी सर्वनाम आहे ते कर्णधारासाठी. प्रथमपुरुषी सर्वनाम संपूर्ण गीतात एकदाही नाही. नावेत कोण बसले आहे हे कवीने सांगितलेच नाही. त्यामुळे हेच गीत नाटकातील मुलासाठी लिहिले जाऊ शकले, कवीच्या स्वतःच्या मृत्यूसाठी राखून ठेवता आले, आणि आज कोणाच्याही स्मरणार्थ गाता येते. मराठी अभंगात ‘आम्ही’ची जागा एकामागून एक माणसे घेतात, येथे ती जागाच मोकळी ठेवली आहे. मार्ग दोन, साध्य एक : गाणाऱ्याला आपल्या तोंडाने ते म्हणता यावे.

६. शब्दविरहित निवड

शब्दच नसले तर सर्वनामांचा प्रश्न मिटतो, असे कोणी म्हणेल. ते अंशतः खरे आहे. शोपँच्या अंत्यविधीत त्याची स्वतःची दोन ‘प्रेल्यूड’ ऑर्गनवर वाजविली गेली. त्यांना धनी शोधण्याचे कारण पडले नाही. परंतु सर्वच शब्दविरहित संगीत अर्थविरहित नसते. ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप हे ९ एप्रिल २०२१ रोजी निवर्तले. १७ एप्रिल रोजी विंडसर येथील सेंट जॉर्जेस चॅपेलमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला. महामारीच्या निर्बंधांमुळे केवळ ३० जण उपस्थित होते आणि गायक चौघेच होते. त्यांच्या इच्छेनुसार योजलेल्या संगीतात शेवटी एक बिगुलाचा संकेत होता. दिवस संपल्याचा ‘लास्ट पोस्ट’ हा संकेत आणि जागे होण्याचा ‘रेव्हेली’ हा संकेत झाल्यावर ‘ॲक्शन स्टेशन्स’ वाजविला गेला. युद्धनौकेवर हा संकेत वाजला की प्रत्येकाने लढाईच्या आपापल्या जागी हजर व्हावयाचे असते.

या संकेतात शब्द नाहीत, तरी रूढीने ठरलेला अर्थ आहे, आणि तो अर्थ आज्ञार्थाचा आहे. दिवंगत नौदल अधिकाऱ्याने आपल्याविषयी काहीच सांगितले नाही; ऐकणाऱ्यांना मात्र ‘आपापल्या कामाला लागा’ असे बजावले. मृत येथे उत्तमपुरुषात नाही, तृतीयपुरुषातही नाही. जिवंत तेवढे मध्यमपुरुषात आहेत. मात्र ज्याला नौदलाची ही संकेतभाषा ठाऊक नाही त्याला ऐकू येतो तो केवळ बिगुल. शब्दविरहित निवडीची मर्यादा हीच : तिला जाणता श्रोतृवर्ग लागतो.

७. निर्देशाचे बंधन आणि ‘मागे’ हा शब्द

अशी निवड पाळण्यास जिवंत किती बांधलेले असतात? इंग्लंडमध्ये विल्यम्स विरुद्ध विल्यम्स या १८८२ च्या निवाड्याने, आपल्या देहाचे काय करावे याविषयीचे मृत्युपत्रातील निर्देश व्यवस्थापकांवर कायद्याने बंधनकारक नाहीत असे ठरविले. मृतदेह ही मालमत्ता नव्हे, हा त्यामागील विचार. कायदा बाजूला ठेवला तरी अनुभव निराळा नाही. रवीन्द्रनाथांचे निधन कोलकात्यातील जोडासाँको येथील घरी झाले आणि निमतला घाटापर्यंतची त्यांची अंत्ययात्रा अफाट गर्दीच्या स्वाधीन झाली. गीत गायिले गेले ते तेथून दूर, शांतिनिकेतनात, जेथे त्यांचे म्हणणे समजून घेणारी माणसे होती. निर्देश पाळला जातो तो त्यातील आज्ञेच्या बळावर नव्हे, तर तो आपलासा करणाऱ्यांच्या बळावर.

म्हणून निर्देशाचे रूपही विचारात घ्यावयास हवे. मराठीत ते निदान तीन प्रकारे देता येते :

(अ) माझ्यामागे हे भजन म्हणा.
(आ) माझ्यामागे हे भजन म्हणावे.
(इ) माझ्यामागे हे भजन म्हटले तर बरे वाटेल.

(अ) मध्ये आज्ञार्थ आहे आणि श्रोते निश्चित आहेत. (आ) मधील विध्यर्थ कर्त्याचे नाव घेत नाही. कोणीही म्हणावे, कर्तव्य मात्र राहते. (इ) हे वाक्य तर्काच्या दृष्टीने विचित्र आहे. ‘बरे वाटेल’ ते कोणाला? ‘मला’ म्हणावे तर त्या वेळी वाटून घेणारा उरलेला नाही. परंतु मराठीत अनुभव घेणाऱ्याचे चतुर्थ्यन्त पद गाळता येते, आणि येथे ते गाळलेले आहे. ऐकणारा तेथे ‘तुम्हाला’ हे पद घालू शकतो. माझ्या मते तिन्हींत हे रूप अधिक चांगले, कारण त्यात नाकारण्याचीही मोकळीक आहे आणि स्वीकारण्याचे कारणही आहे.

तिन्ही वाक्यांत सामाईक असलेला ‘माझ्यामागे’ हा शब्द अखेरीस पाहू. ‘त्यांच्या मागे पत्नी व दोन मुले आहेत’ असे आपण मृत्युवार्तेत लिहितो. ‘पश्चात’ या शब्दाचीही घडण तीच. मृत पुढे गेला आणि जिवंत मागे राहिले, असे चित्र या प्रयोगात आहे. पण ‘माझ्यामागे म्हणा’ हे वाक्य मृत्युपत्राखेरीज इतरत्रही ऐकू येते. गुरुजी ते पाढे म्हणवून घेताना वापरतात, आणि भजनात मुख्य गायकाने चरण म्हटल्यावर टाळकरी तो मागे म्हणतात. तेथे ‘मागे’ म्हणजे ‘मी म्हटल्यानंतर, मी म्हटले तसे’. अंत्यगीताच्या निवडीत हे दोन्ही अर्थ खरे ठरावे लागतात. जे गीत निवडणाऱ्याने हयातीत स्वतः म्हटले, आपल्या माणसांत बसून म्हटले, तेच त्याच्या पश्चात त्यांच्या तोंडी सहज येते. जे त्याने केवळ आवडले म्हणून कागदावर लिहून ठेवले ते वाजविले जाईल, पण म्हटले जाईलच असे नाही.

तेव्हा अशी निवड करू इच्छिणाऱ्याने तीन गोष्टी तपासाव्यात. गीतातील ‘मी’ दुसऱ्याला उच्चारता येतो काय. ‘तुम्ही’ म्हणून जे संबोधले जातील त्यांना ते सोसेल काय. आणि ते गाणारे कोणी आहे काय. पहिल्या दोन गोष्टी व्याकरणाच्या आहेत आणि त्या गीत वाचून ठरविता येतात. तिसरी हयातीतच सिद्ध करावी लागते.